मागची भिंत कधी फोडावी?

महाड-पोलादपूरकडे घर वाढतं ते मागच्या बाजूला. ओटी, पडवी, अंगण यांना सहसा कुणी हात लावत नाही. जागा अपुरी पडते ती स्वयंपाकघरात. चूल आणि गॅस एकाच खोलीत, मोरी त्याच कोपऱ्यात, फ्रिज माजघरात आणि गणपतीत एका वेळी वीस-पंचवीस पानं. मग ठरतं की मागे दहा-बारा फूट काढायचे. कसे काढायचे आणि कितीला पडतील यावर घरात आठवडेच्या आठवडे बोलणं होतं. काम कधी लावायचं हे मात्र एका वाक्यात उरकतं: "शिमगा झाला की लावू, पावसाच्या आधी होऊन जाईल." या वाक्याचा इथे नीट विचार करायचा आहे. आपल्या भागात स्वयंपाकघराच्या कामात जो पैसा आणि जो जीव खर्ची पडतो, त्याचा मोठा वाटा चुकीच्या महिन्याच्या नावावर आहे, असं माझं ठाम मत आहे.

शिमग्यानंतरचा काळ लोकांना का आवडतो हे समजण्यासारखं आहे. शेतात काम नसतं. राब भाजून झालेले असतात, पेरणीला अवकाश असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चपर्यंत आटोपतात. मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात सुट्टी काढून येतात, त्यामुळे कामावर देखरेख करायला घरात माणूस असतो आणि पैसाही बहुधा त्याच्याच खिशातून यायचा असतो. ऊन कडक, दिवस मोठा, वीट कोरडी. कागदावर यापेक्षा चांगला काळ नाही.

अडचण कागदाबाहेर आहे. पहिली अडचण पाण्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या दोन तालुक्यांत डोंगरावरच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. सिमेंटचं काम तर पाण्यावरच उभं राहतं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओल राखावी, मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर मिश्र सिमेंटला चौदा दिवस. हल्ली दुकानात बहुतेक करून पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंटच मिळतं. म्हणजे मे महिन्यात स्लॅब टाकला की दोन आठवडे त्यावर पाणी साठवून ठेवायचं, भिंतींना आणि गिलाव्याला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, आणि तेही विहिरीचा तळ दिसत असताना. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तीन-चार दिवस पाणी मारलं जातं, मग घरातली बाई म्हणते की प्यायला उरू दे. तिचं बरोबर असतं. पण स्लॅबला बारीक तडे जातात आणि पुढची कित्येक वर्षं पावसाळ्यात त्या तड्यांखाली पातेलं ठेवावं लागतं.

दुसरी अडचण पावसाच्या तारखेची. सात जूनला मृग लागतो, तेव्हा मे अखेरपर्यंत छप्पर झालं की जमलं, हा हिशेब आपल्या आधीच्या पिढीचा. तो आता चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आतल्या तालुक्यांतलेही पत्रे, कौलं उडाली. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला. तिथली त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. त्याच्याही आधीपासून कोकणात जोरदार सरी सुरू होत्या. त्या वर्षी ज्यांनी 'मे महिना आपलाच' असं धरून मागची भिंत फोडली होती, त्यांच्या घरात पाऊस आला तेव्हा डोक्यावर ताडपत्री होती.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यात कमी बोलली जाते. एप्रिल-मे हे आपल्याकडच्या स्वयंपाकघराचे सर्वांत कामाचे महिने आहेत. आगोट जवळ आलेली असते. वर्षाचा मसाला भाजायचा, हळद-मिरची कुटून आणायची, पापड-कुरडया-फेण्या घालायच्या, आमसुलं सुकवायची, फणसाची साटं घालायची, सुकट-बोंबील-सोडे उन्हं दाखवून डब्यात भरायचे, चार महिन्यांचा लाकूडफाटा रचायचा. शिवाय मुंबईची पोरं-नातवंडं सुट्टीला आलेली आणि एकामागून एक लग्नं. ज्या दोन महिन्यांत चुलीला उसंत नसते, नेमके तेच दोन महिने आपण चूल हलवायला निवडतो. घरात सर्वांत जास्त राबणाऱ्या माणसाला हा महिना चालेल का, असं कुणी विचारलेलंच नसतं.

पावसाळ्याबद्दल फार लिहायला नको. पाया खणला की त्याची विहीर होते. वाळूचा उपसा बंद, पोलादपूरच्या वरच्या गावांना ट्रक जात नाही, वरंध घाट अवजड वाहनांना बंद होतो, आंबेनळीत दरड कोसळली की तोही रस्ता जातो. गवंडी आणि बिगारी लावणीला स्वतःच्या शेतात. तरी दरवर्षी काही घरांत जुलैच्या शेवटी 'गणपतीआधी करून टाकू' अशी घाई सुटते. मे महिन्यात अर्धवट राहिलेलं काम त्या घाईत पुरं केलं जातं: ओल्या भिंतीवर गिलावा, ओल्या गिलाव्यावर रंग. गौरी-गणपतीला घर छान दिसतं आणि दसऱ्यापर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात. बाप्पा जुन्याच स्वयंपाकघरातला नैवेद्य आनंदाने घेतील. ही घाई करू नये.

तरीही पावसाळा या कामात वाया जाऊ देऊ नये. मागची जागा कशी वागते हे पाहायचं असेल तर जुलैसारखा महिना नाही. परसात पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं, पागोळ्या कुठे पडतात, डोंगराकडच्या बांधातून झरा फुटतो का, मोरीचं पाणी कुठे तुंबतं, जुन्या भिंतीला जमिनीपासून किती उंचीवर ओल धरते, हे सगळं तेव्हा डोळ्यांनी दिसतं. भिंतीवर कोळशाने खूण करून ठेवावी. मार्चमध्ये येणाऱ्या कंत्राटदाराला ही जागा कोरडी खणखणीत दिसणार असते. त्याला जोतं किती उंच घ्यायचं ते जुलैच्या त्या खुणेवरून सांगता येतं.

गणपतीचे दिवस आणखी एका कारणाने मोलाचे आहेत. गावठाणातली बहुतेक घरं सामाईक आहेत. उताऱ्यावर आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव, भाऊ-पुतणे मुंबई, ठाणे, पुण्यात. मागे दहा फूट काढले तर ते कुणाच्या वाट्यात जातात, पाण्याची वाट कुणाच्या परसातून काढायची, हे प्रश्न काम सुरू झाल्यावर निघाले की काम अडतं आणि भावकीतलं बोलणंही बंद होतं. वर्षभरात सगळे एका छताखाली येतात ते गणपतीत, आणि तेव्हा मनंही जरा मोकळी असतात. जागेवर दोरी धरून सगळ्यांना दाखवावं, लिहून घ्यावं, आणि ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा नगरपरिषदेकडे जायचे कागद तेव्हाच तयार करावेत. परवानगीला जो वेळ लागतो तो भाताच्या कापणीत निघून जातो.

ऑक्टोबर मोकळा दिसतो, पण तो मोकळा नाही. भात पिवळं पडलेलं असतं आणि घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. पाऊसही जाता जात नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या वेळी कोकणात कापलेलं भात शेतातच भिजलं होतं. भात झोडून घरात येईपर्यंत ते ठेवायलाही कोरडी जागा लागते, आणि ती जागा पुष्कळदा हीच मागची पडवी असते. दिवाळीत परप्रांतातले कारागीर गावी जातात आणि छठपूजा करूनच परततात.

म्हणून माझा महिना मार्गशीर्ष. झोडणी झाली, पेंढा रचून झाला की नोव्हेंबरच्या अखेरीस पाया खणावा. तेव्हा विहिरींना भरपूर पाणी असतं, ओढे वाहते असतात, जमीन खणायला मऊ पण चिखल नसलेली असते. हवा थंड असल्याने काँक्रीटमधलं पाणी झटकन उडत नाही आणि तडे कमी जातात. थंडीत सिमेंट हळू बळ धरतं ही एवढीच काळजी, त्यासाठी टेकू थोडे जास्त दिवस ठेवायचे. त्याच मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे किमान चौदा दिवस काढू नयेत. ही मुदत साध्या सिमेंटसाठी आहे, मिश्र सिमेंटला याहून जास्त द्यावी. सेंट्रिंगवाल्याला त्याचं सामान दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं, म्हणून तो घाई करतो. भाडं दोन दिवस जास्त द्यावं लागलं तरी द्यावं.

विटेचाही हंगाम असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात. कातकरी कुटुंबं तेव्हा भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशीच परततात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिळणारी वीट बहुधा गेल्या हंगामातली, पावसात भिजलेली असते. काळ्या दगडाचं जोतं, खांब, तळपट्टी ही कामं तेव्हा करावीत आणि भिंत चढवायला घ्यावी ती नव्या भाजलेल्या विटांनी, जानेवारीत. कामाचा क्रमच असा आहे की हे आपोआप जुळतं. साधारण दहा बाय बाराची खोली असेल तर पाया ते ओटा अडीच-तीन महिने धरावेत. गवंड्याने दीड महिना सांगितलेला असतो. तो खोटं बोलत नसतो, फक्त त्याने स्वतःच्या गावची जत्रा, वाळूची न आलेली गाडी आणि दुसरीकडे घेतलेलं काम धरलेलं नसतं. नोव्हेंबरअखेर सुरू केलेलं काम रेंगाळलं तरी शिमग्यापर्यंत छप्पर पक्कं होतं आणि मसाला भाजायला नवी चूल तयार असते. एप्रिलमध्ये सुरू केलेलं काम रेंगाळलं तर ते पावसात जातं. मला निर्णय करायला हा एक फरक पुरेसा वाटतो.

जुनं स्वयंपाकघर किती दिवस बंद राहील हा प्रश्न मात्र महिना निवडून सुटत नाही, तो कामाच्या क्रमाने सुटतो. आपल्याकडे पहिल्या दिवशी नारळ फुटतो आणि त्याच दुपारी मागची भिंत पाडतात. काम सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणून. मग तीन महिने डाळीत सिमेंट. खरं तर नवी खोली बाहेरून पूर्ण उभी करता येते: जोतं, खांब, भिंती, छप्पर, गिलावा, नवी मोरी, ओटा, नळ, वीज. जुनी भिंत तोवर जशीच्या तशी राहू द्यावी, मागचं दार फक्त बंद करावं. नव्या ओट्यावर गॅस पेटला, नव्या मोरीतून पाणी नीट वाहून गेलं की मग भिंत फोडावी. अशा क्रमाने केलं तर घर खऱ्या अर्थाने विस्कटतं ते आठ-दहा दिवसच. तेवढ्या दिवसांसाठी पडवीत चूल मांडता येते, शेजारणीच्या घरी भाकऱ्या भाजता येतात. सिलिंडर पडवीत आणला तर उभाच ठेवावा आणि चुलीपासून लांब. घरात दम्याचं माणूस, तान्हं मूल किंवा दिवस गेलेली सून असेल तर भिंत फोडण्याचे आणि फरशी कापण्याचे दिवस त्यांना माहेरी किंवा मुंबईला पाठवून काढावेत. कापणीच्या धुळीचा त्रास नंतर बरेच दिवस पुरतो.

भिंत फोडताना वरच्या वजनाचा विचार करायचा राहून जातो. जुन्या घराची मागची भिंत बहुधा वासे तोलून धरते. शहरातल्या इमारतीत तर तळमजल्यावर एक खांब 'थोडासा' तासला तरी वरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ माणसं गेली. ती इमारत जुनाटही नव्हती. त्यानंतर महाडात तरी कुणी अभियंत्याला न दाखवता खांबा-तुळईला हात लावू नये. त्याची फी संपूर्ण कामाच्या मानाने फार थोडी असते.

कौलारू घराला मागे स्लॅब जोडायचा असेल तर सर्वांत नाजूक जागा दोन छपरांच्या सांध्याची. वरच्या उतारावरचं सगळं पाणी तिथे येऊन आदळतं. तिथली पन्हळ रुंद आणि खोल हवी, आणि ती बसवून बघायला पाऊस पडायच्या आधी हाताशी वेळ हवा. पिंपभर पाणी वरून ओतून बघितलं तरी पुष्कळ कळतं. हे काम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उरकायचं नसतं.

पोलादपूरच्या आणि महाडच्या पूर्वेकडच्या गावांत 'मागे' म्हणजे डोंगर. मागची खोली वाढवायची तर बांध कापावा लागतो. इथे वेळेचा प्रश्न जिवाशी येतो. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडलं गेलं, त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्या दुर्घटनांचा दोष कुणाच्या घराच्या खोदाईला देण्याचा माझा हेतू नाही. पण त्या आठवणी असलेल्या तालुक्यात डोंगराचा पायथा कापून तो उघडा ठेवून पावसाळ्यात शिरणं मला बघवत नाही. बांध कापला की त्याच हंगामात पक्की संरक्षक भिंत आणि मागून येणाऱ्या पाण्याला वाट, हे दोन्ही व्हायलाच हवं. जानेवारीपर्यंत कापणी होऊन फेब्रुवारीत भिंत उभी राहत असेल तरच हात घालावा. नाही तर खोली बाजूला काढावी, किंवा आहे त्या स्वयंपाकघरात मोरी बाहेर नेऊन जागा करावी. डोंगर कापून मिळणाऱ्या सहा फुटांची गरज खरोखर आहे का, हा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावा, कारण पूर्वी बांध कुठे ढासळला होता हे त्यालाच आठवत असतं.

महाड शहरात डोंगराऐवजी नदी. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. वर मुसळधार आणि खाली भरती अशी गाठ पडली की पाणी शहरात शिरतं. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि महाडचे तळमजले बुडाले. इथे काम काढण्याआधी जागा पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते नगरपरिषदेत पाहावं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींचे नियम वेगळे. मग जोतं, विजेचे बोर्ड, मिक्सर-फ्रिजची जागा हे सगळं २०२१ च्या पाण्याच्या खुणेकडे बघून ठरवावं. प्लायवूडच्या ट्रॉल्यांपेक्षा कडाप्प्याच्या फळ्या पुरानंतर धुऊन पुन्हा वापरता येतात. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधायची सोय करून घ्यावी. आणि पाडलेल्या भिंतीचा राडारोडा एप्रिलच्या आत उचलून न्यावा. तो गल्लीत राहिला तर पहिल्या पावसात गटारात जातो आणि त्याचं पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतं.

मुहूर्ताचं म्हणाल तर पंचांग आणि हवामान यांचं आपल्याकडे फारसं भांडण नाही. पितृपक्षात कुणी नारळ फोडत नाही आणि तेव्हा फोडूही नये, कारण पाऊस असतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे आणि गणपती १४ सप्टेंबरला. अशा वर्षी 'गणपती उशिरा, म्हणून वेळ आहे' असा समज होतो. पण अधिक महिना पंचांगात वाढतो, पाऊस त्यासाठी थांबत नाही. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त मला या कामाच्या सुरुवातीसाठी मानवत नाही. वास्तुशांतीला मात्र तो छान आहे, काम डिसेंबरात लावलं असेल तर.

पैशाचा मेळ हे मार्गशीर्षाविरुद्धचं एकमेव भक्कम कारण. बोनस दिवाळीत येतो ही त्यातल्या त्यात जमेची गोष्ट, पण भिशी, कर्ज, मुंबईच्या भावाचा हिस्सा हे मार्च-एप्रिलपर्यंत जुळत नाही असं होतं. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याने थोडा हात मोकळा होतो, तरी मजुरी दरवर्षी वाढतेच आहे. पैसे अपुरे असतील तर यंदाच्या हिवाळ्यात जोतं बांधून, त्यात भराव टाकून वर पातळ कोबा करून थांबावं. एक पावसाळा भराव दबून बसतो, ते बांधकामाच्या फायद्याचंच असतं. खांबांच्या बाहेर राहिलेल्या सळया सिमेंटच्या पाण्याने माखून झाकून ठेवाव्यात. उरलेलं पुढच्या मार्गशीर्षात. अर्ध्या भिंती आणि वर आकाश अशा अवस्थेत थांबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तारीख ठरवायला बसाल तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या बाईला चहा करायला उठवू नका, तिला दिनदर्शिका हातात द्या. ओटा किती उंच हवा, खिडकी कुठे हवी हे हल्ली तिला विचारतात, ही चांगली गोष्ट झाली. कोणत्या आठवड्यात चूल हलली तर तिला निभावता येईल हेही तिनेच सांगावं. तिच्या उपवासांचे, पाहुण्यांचे, बचतगटाच्या हप्त्याचे आणि माहेरच्या लग्नाचे दिवस तिलाच ठाऊक असतात.

राहता राहिला रंग. नव्या गिलाव्यावर पहिल्या वर्षी नुसता चुना किंवा पांढरा प्रायमर मारावा आणि एक पावसाळा भिंती बघाव्यात. कुठे ओल फुटते, सांध्यातून कुठे पाझरतं, ते ऑगस्टपर्यंत स्पष्ट होतं. कंत्राटदाराशी सुरुवातीलाच बोलून शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर द्यायचा असं लेखी ठरवावं. त्याची मजुरी अडकू नये म्हणून तो हप्ता लहान ठेवावा. पण तो असावा, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात गळती बंद करायला तोच माणूस परत येईल. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.